बास वाजवणाऱ्याने आधी काय घ्यावं: इन-इअर की इफेक्ट?

'दादा' म्हणून विचारलंस, तेव्हा अरे-तुरेवरच येतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: राहतोस डोंबिवलीला. हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात चार तारांचा बास वाजवतोस, शिवाय मित्रांच्या बँडबरोबर अधूनमधून अंधेरी-लोअर परळकडे पबमध्ये शो असतात. एका शोला साउंडवाल्याने मॉनिटरच्या तीन पिनांच्या एक्सएलआर वायरला जोडणी लावून तुझ्याच मोबाइलच्या इअरफोनमध्ये आवाज दिला, तर बास पोकळ, कागदी वाटला. दुसरीकडे, मित्राच्या मल्टिइफेक्टवर (अनेक इफेक्ट एकाच पेटीत) घरी रात्री बसून केलेले पॅच (साठवून ठेवलेली आवाजाची सेटिंग) स्टेजवर गेले की बास गायब होतो. पैसे सध्या एकाच गोष्टीपुरते आहेत, तर आधी काय घ्यावं?

आधी इन-इअर, म्हणजे स्टेजवर आपला आवाज ऐकायचे कानात बसणारे इअरफोन, तेही वायरवाले. आणि त्याबरोबर एक बरा डीआय, म्हणजे बास थेट मिक्सरला जोडायची छोटी पेटी. मल्टिइफेक्ट पुढच्या सीझनला.

कारण सांगतो. स्टेजवर मागे बासचा ॲम्प असतो तेव्हा तुझा आवाज तुला दोन वाटांनी मिळतो. एक कानाने, आणि दुसरा पोटऱ्यांना, पायाखालच्या फळीला, बासच्या लाकडातून बरगड्यांना. शिवाय ॲम्प स्वतःचा रंग भरत असतो. वरचा चरचराट त्याचा स्पीकर गिळतो, मधला भाग पुढे आणतो. इन-इअर लावून ॲम्प काढला की हे सगळं जातं आणि उरतं ते फक्त तुझ्या वायरीतून मिक्सरला गेलेलं. तेच तुला ऐकू येणार आणि तेच प्रेक्षकांना. म्हणून तुझे दोन प्रश्न मला एकच वाटतात. पॅच कसा लावायचा हे तू कानात येणाऱ्या आवाजावरून ठरवणार, आणि कानातलंच खोटं असेल तर कितीही भारी पेटी घेतलीस तरी पॅच चुकीचाच होणार.

आता तो पोकळ आवाज. तू जोडणीबद्दल जे लिहिलंयस त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की गडबड इअरफोनची नव्हती, जोडणीची होती. मिक्सरच्या ऑक्समधून (मॉनिटरसाठी वेगळा मिक्स पाठवणाऱ्या वाटेतून) येणारी लाइन बॅलन्स्ड असते. तिच्यात तीन तारा. एकीत सिग्नल, दुसरीत तोच सिग्नल उलटा करून, तिसरी ग्राउंड. ही लाइन साध्या जोडणीने स्टिरिओ इअरफोनच्या जॅकला लावली की डाव्या कानात सुलटा सिग्नल जातो आणि उजव्या कानात उलटा. दोन्ही कानांत आवाज तेवढाच मोठा, पण एकाचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. वरच्या सुरांत हे फारसं खटकत नाही. बासमध्ये मात्र डोक्याच्या मध्यभागी जो एक घट्ट गोळा बसायला हवा तो बसतच नाही, दोन्ही बाजूंना विरघळून जातो. ओळखायचं कसं? बास वाजवत एक कान काढ. एका कानात आवाज बरा, दोन्ही कानांत विचित्र, असं झालं तर हीच भानगड.

यावर उपाय म्हणजे कमरेला अडकवायचा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर. बेहरिंगरचा पी-२ त्यातला सर्रास दिसणारा. त्या जातीचे इतरही आहेत. त्यावर मोनो-स्टिरिओचं एक बारकं बटण असतं. मिक्सरवरून एकच ऑक्स येत असेल तर ते मोनोवरच हवं, तेव्हाच तो बॅलन्स्ड सिग्नल नीट उलगडून दोन्ही कानांना सारखा देतो. बटण स्टिरिओवर राहिलं तर पैसे खर्चूनही तोच पोकळ आवाज. खिशात घालताना हे बटण सरकतं, म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी मारून ठेवतो.

दुसरं कारण सीलचं, आणि ते बहुतेकांच्या बाबतीत खरं असतं. खालचा सूर कानात टिकायला कानाची नळी हवाबंद लागते. बारीकशी फट राहिली तरी सगळ्यात आधी बास गळून जातो, आणि राहतो तो तारेचा चटचट आवाज. मोकळी ई तार छेड, ती ४१ हर्ट्झच्या जवळ असते. सूर चालू असताना दोन्ही इअरफोन बोटाने किंचित आत दाब. दाबल्यावर बास वाढला तर सील बसलेलं नाही. फोमची टिप चिमटीत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढ, टिप आत सरकव आणि फोम फुगेपर्यंत बोट ठेवून थांब. वीसेक सेकंद लागतात. घाईत सगळे इथेच फसतात. आणि एक तपासणी तोंड उघडून कर. तू कोरस गातोस म्हणालास. जबडा खाली गेला की कानाची नळी आकार बदलते. काहींचं सील तेवढ्याने सुटतं आणि ओळ गाताना बास गायब होतो, गप्प बसलं की परत येतो. अशा वेळी एक आकार मोठी टिप घ्यायची.

मोबाइलबरोबर आलेले इअरफोन विसर. शुअरचा एसई-२१५ हा सुरुवातीला सांगण्याजोगा आहे. त्यात एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आतला बारका स्पीकर) आहे आणि बासला तो पुरतो. ड्रायव्हर जास्त म्हणजे आवाज चांगला, हा दुकानातला हिशोब आहे. बासवाल्याला एक नीट सील झालेला डायनॅमिक ड्रायव्हर चार कसेबसे बसलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जास्त कामाचा. साच्यातून घडवलेले इन-इअर अर्थातच उत्तम, पण ते पैसे यायला लागल्यावर. कानाचा साचा ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन, तोंड उघडं ठेवूनच घ्यायचा, एवढं लक्षात ठेव.

वायरलेसचं काय, हे तू विचारशीलच. गायकाला हवं. निवेदकाला हवं. बासवाला ढोलकीवाल्याच्या शेजारी तीन तास एकाच चौकोनात उभा असतो, त्याला नको. स्वस्त वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फाय जिथे चालतं तिथेच. रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेकला सगळं छान, आणि प्रेक्षक खिशात मोबाइल घेऊन भरले की मध्येच आवाज तुटायला लागतो. यूएचएफवरचे शुअर-सेनहायझरचे संच यातून सुटतात, पण त्यांची किंमत बघून आधी बासच नवा घ्यावासा वाटतो. वायरचा त्रास म्हणजे पायात येणे. बासची केबल आणि इन-इअरची केबल एकत्र बांधून एकच दोर कर, पट्ट्याच्या मागच्या बटणापाशी एक वळसा दे, इअरफोनची वायर शर्टाच्या आतून पाठीवरून वर ने. झटका बसला तर तो पट्ट्याला बसतो, कानाला नाही.

आता साउंडवाल्याकडून काय मागायचं. आपल्या कामात साउंडचेक म्हणजे बहुतेकदा 'एक वाजव, बस, पुढचा'. शिवाजी मंदिरला दुपारचं नाटक सुटल्यावर रात्रीच्या कार्यक्रमाला स्टेज हातात येतं तेव्हा मिक्सरमागच्या माणसाला तुझे लाड करायला वेळ नसतो. म्हणून मागणी छोटी हवी. मी एवढंच म्हणतो: "दादा, मला वेज नको, एक ऑक्स द्या, प्री-फेडर. त्यात बास, किक आणि मेन गायक. बाकी नंतर बघू." वेज (जमिनीवरचा मॉनिटर स्पीकर) नको म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलतो, कारण स्टेजवरचा एक गोंगाट कमी झाला. प्री-फेडर हा शब्द मात्र विसरू नकोस. पोस्ट-फेडर ऑक्स असेल तर त्याने हॉलमध्ये बास जरा खाली ओढला की तुझ्या कानातही खाली जातो, आणि तुला वाटतं बॅटरी उतरली.

मिक्समध्ये काय हवं ते कामावर आहे. ऑर्केस्ट्रात माझा क्रम असा: स्वतःचा बास, ऑक्टोपॅडची किक, ढोलकी, मुख्य गायक, आणि मग कीबोर्ड अगदी थोडा. कीबोर्डवाल्याचा डावा हात खालच्या सुरांत फार रेंगाळतो. तो कानात जास्त आला की आपला सूर कुठला आणि त्याचा कुठला हे कळेनासं होतं. लावणीला ढोलकी गायकाच्याही वर घेतो, कारण लय कुठे चढणार हे ती आधी सांगते. ट्रॅकवर (आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर) शो असेल तर क्लिक (तालाची टिकटिक) हवीच, पण ती बासच्या निम्म्याने ठेव. आणि स्वतःचा आवाज कमी वाटला तर बास वाढवण्याआधी बाकीचं कमी करायला सांग. इन-इअरमध्ये हे एक कळलं की निम्मं काम झालं.

मिक्सर डिजिटल असेल, बेहरिंगरचा एक्स-३२ किंवा एक्सआर-१८ वगैरे, तर मोबाइलवरून स्वतःचा ऑक्स स्वतःच लावता येतो. परवानगी घेऊन कर, आणि दुसऱ्याच्या ऑक्सला बोट लावू नकोस. एकदा गायिकेचा मॉनिटर चुकून खाली गेला की पुढची सुपारी दुसऱ्या बासवाल्याला.

ऑक्सच नाही, असंही होतं. गणपतीच्या मंडपात, सोसायटीच्या कोजागिरीला, छोट्या पबमध्ये. त्यासाठी मी पिशवीत एक चार चॅनलचा छोटा मिक्सर ठेवतो. डीआयला थ्रू नावाचा दुसरा जॅक असतो. बास डीआयमध्ये, डीआयची एक्सएलआर साउंडवाल्याला, आणि थ्रूमधून बास माझ्या मिक्सरला. दुसऱ्या चॅनलला एक साधा माइक, स्टँडवर ढोलकी आणि वेजच्या मध्ये, बाकीचं स्टेज गोळा करायला. मिक्सरच्या हेडफोन जॅकमधून थेट कानात. तो जॅक मुळात स्टिरिओ असल्यामुळे वरची उलट-सुलट भानगडही नाही. कुणाकडे काही मागावं लागत नाही. आवाज स्टुडिओसारखा येत नाही, पण आपला सूर आणि गायकाची ओळ कळते, आणि कार्यक्रम निभावायला तेवढं लागतं. याच कारणासाठी मी डीआय आधी घ्यायला सांगतोय.

एक कान काढून वाजवायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. पुष्कळ जण करतात, कारण दोन्ही कान बंद केले की पाण्याखाली असल्यासारखं वाटतं, प्रेक्षकांचा 'वन्स मोअर'ही ऐकू येत नाही. पण एका कानाने तोच आवाज कमी वाटतो, मग आपण बॉडीपॅक, म्हणजे कमरेचा ॲम्प, वाढवतो, आणि उघड्या कानात झांजा नि ऑक्टोपॅड थेट घुसत असतात. दोन्हीकडून मार. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबल आवाजात ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. ड्रम वाजत असलेल्या बंद पबमध्ये १०० काही फार नाही. चांगलं सील झालेले इन-इअर बाहेरचा आवाज बराच अडवतात (शुअर आपल्या एसई मालिकेसाठी ३७ डेसिबलपर्यंतचा दावा करते), पण आत तूच आवाज तेवढा वाढवलास तर उपयोग शून्य. एकटं वाटत असेल तर प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक थोडासा मिक्समध्ये माग. आणि बॉडीपॅकला लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) आहे का बघून घे. कुणीतरी फँटम (मिक्सरने केबलमधून सोडलेली वीज) चालू असताना केबल उपटली की जो 'फट्' येतो तो थेट कानाच्या पडद्यावर येतो.

एक गोष्ट पुढे खटकेल, ती आताच सांगतो. मागचा ॲम्प गेल्यावर अंगाला काही लागत नाही म्हणून हात आपोआप जड होतो. तारा आपटायला लागतात, फ्रेटवर खरखर, आणि तासाभरात बोटं गळतात. यावर माझा इलाज सोपा आहे. पहिल्या दोन गाण्यांपुरता कानातला बास हवा त्यापेक्षा जरा जास्त ठेवायचा. हात आपसूक हलका पडतो. मग बाकीचं वर आणायचं.

आता पॅच. घरी रात्री, आई-वडील झोपल्यावर, हळू आवाजात हेडफोनवर केलेला पॅच स्टेजवर का मरतो? आपला कान हळू आवाजात खालचे सूर नीट ऐकत नाही, म्हणून आपण बास वाढवतो, वर चकाकी वाढवतो आणि मधलं कापतो. एकट्यात ते फार श्रीमंत वाटतं. स्टेजवर आवाज मोठा झाला की खालचं नुसतं घोंघावतं, वरचं झांजेत हरवतं, आणि तू ज्यावरून ओळखला जाणार तो मधला भाग, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झचा, तूच कापून टाकलेला असतो. खाली ऑक्टोपॅडची किक आणि ढोलकीची डावी बाजू आधीच बसलेली आहे. तिथे गर्दीत धक्काबुक्की करण्यापेक्षा जरा वर जागा पकड. एकट्याने ऐकताना थोडा नाकात बोलल्यासारखा वाटणारा बास वाद्यवृंदात बरोबर बसतो. हे पचायला वेळ लागतो.

म्हणून पॅच गाण्याबरोबरच लाव. मोबाइलवर मूळ गाणं किंवा तालमीचं रेकॉर्डिंग छोट्या मिक्सरच्या एका चॅनलला, बास दुसऱ्याला, कानात तेच इन-इअर जे शोला वापरणार. आणि संधी मिळाली की लूपर वापर. स्वस्त मल्टिइफेक्टमध्येही तो असतो. चार मात्रांचा तुकडा वाजवून फिरत ठेवायचा आणि स्टेजवरून उतरून हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत चालत जायचं. ठाण्याच्या गडकरीला बाल्कनीखाली उभं राहून ऐक आणि मग मधोमध ऐक; एकच पॅच दोन वेगळे बास वाटतील. तिथे आपण फार काही करू शकत नाही, पण कानातला आवाज म्हणजे हॉलमधला आवाज नव्हे हे एकदा डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, कळतं.

बासला खरोखर लागणारे इफेक्ट थोडेच. पहिला ट्युनर, आणि तो असा की दाबला की आवाज बंद. गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना तू सूर लावत बसलास तर ते फक्त तुलाच ऐकू आलं पाहिजे, आणि केबल काढताना तर तो दाबलाच पाहिजे. मग हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पातळीखालचे सूर कापणारा. ई तार ४१ वर, तिच्या बरंच खाली संगीत काही नाही. आहे ती हाताची धपधप आणि स्टेजचा घुमारा. तो ३५ च्या आसपास लाव. गायकाच्या पट्टीसाठी ई तार उतरवून डी करत असशील तर ती ३७ पर्यंत जाते, मग फिल्टर ३० वर ने. एवढ्याने हॉलचा सब (खालच्या सुरांचा स्पीकर) मोकळा श्वास घेतो आणि साउंडवाला तुझ्या बासवर मोठी कात्री चालवत नाही.

कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचे ठोके दाबून आवाज एकसारखा करणारा इफेक्ट, हवा, पण बेताने. प्रमाण ४ ला १, ॲटॅक २० ते ३० मिलिसेकंद म्हणजे बोटाचा पहिला ठोका सुटून जातो, आणि जोरात वाजवल्यावर मीटर चार-पाच डेसिबल हलला की पुरे. इन-इअरमध्ये जास्त कॉम्प्रेशन गोड लागतं, सगळं सारखं नि जवळ वाटतं. पण मग हातातला चढ-उतार प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. गरब्याच्या सीझनला, जिथे तासन् तास एकच ठेका चालतो, तिथे हा एकच इफेक्ट लावून मी नऊ रात्री काढतो.

ड्राइव्ह, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, हा तुझ्या गायब होणाऱ्या बासचा मुख्य संशयित. गिटारचा ड्राइव्ह पेडल बासला लावला की खालचा भाग कापला जातो, कारण तो तसाच बनवलेला असतो. बासच्या पेडलवर ब्लेंडची चकती असते. तीत शुद्ध आवाज किमान अर्धा ठेव. दुसरं, डीआयने थेट मिक्सरला जाताना ड्राइव्हनंतर स्पीकरची नक्कल लागते, म्हणजे कॅब सिम, नाहीतर ४-५ किलोहर्ट्झवर वरचं कापणारा फिल्टर. त्याशिवाय कानात डास शिरल्यासारखी किरकिर येते. टेक २१चा सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर डीआय इतकी वर्षं टिकून आहे तो याचमुळे: ड्राइव्ह, ब्लेंड, स्पीकरची नक्कल आणि एक्सएलआर एकाच पेटीत, शिवाय मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवरही चालतो, ॲडॅप्टर विसरलास तरी शो थांबत नाही. तुझ्या बजेटमध्ये जुना मिळाला तर डीआय म्हणून मी हाच सुचवेन.

साउंडवाले कधी कधी म्हणतात, "एक लाइन साधी दे, एक इफेक्टची दे, मी मिसळतो." ऐकायला शहाणपणाचं, पण डिजिटल पेटीला सिग्नल आत घेऊन बाहेर सोडायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. एरवी तेवढं काही नाही, साडेतीन मीटरवरच्या ॲम्पचा आवाजही कानाला यायला दहा मिलिसेकंद घेतो. पण साधी लाइन आणि दोन मिलिसेकंद उशिराची लाइन सारख्या जोराने एकत्र केल्यास २५० हर्ट्झला दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि बासचं अंग तिथेच असतं. साउंडवाल्याने साधी लाइन तेवढ्याच उशिराने सोडली तर प्रश्न मिटतो, पण घाईच्या शोला ते कोण करणार. तेव्हा मिसळायचं ते पेटीच्या आतच मिसळ आणि एकच लाइन दे.

पॅचच्या पातळ्या कानाने जुळवू नकोस, मिक्सरच्या मीटरवर जुळव. ॲम्पवर वाजवताना तीन डेसिबलचा फरक खपून जातो; इन-इअरमध्ये पॅच बदलला आणि आवाज तेवढा उडाला की दचकायला होतं. ऑटो-वाह किंवा एन्व्हलप फिल्टर वापरणार असशील, पबमध्ये फंक वाजवताना मजा येते, तर तो कॉम्प्रेसरच्या आधी ठेव. त्याला हाताचा जोर कळायला हवा, आणि त्याची शिट्टी नंतरचा कॉम्प्रेसर दाबून ठेवतो. ऑक्टेव्हर, म्हणजे खालचा सप्तक जोडणारा इफेक्ट, तोही साखळीत ड्राइव्हच्या आधी. तो मोकळ्या ई तारेवर लावू नकोस. तिच्याखालचा सप्तक २० हर्ट्झवर जातो, तो कुठलाच मंडपवाला वाजवून दाखवत नाही, आणि पेटीही सूर ओळखताना अडखळते. डी आणि जी तारांवर वरती वाजव, खालचं पेटीला करू दे. नव्या रिमिक्स गाण्यांचा सिंथ बास त्यातून बऱ्यापैकी निघतो.

आणि पंचमदांच्या गाण्यांचा कार्यक्रम असेल तर सगळं बंद कर. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. त्या ओळी नुसत्या ऐकल्यास तरी कळेल की इथे काम सुराच्या जागेचं आणि तो कधी तोडला याचं आहे. फ्लॅटवाउंड तारा, किंवा ब्रिजपाशी तारांखाली फोमचा तुकडा, टोनची चकती अर्ध्यावर. इन-इअरमध्ये हा आवाज मेल्यासारखा वाटेल. वाटू दे, हॉलमध्ये तो छान उभा राहतो.

विजेचं थोडक्यात. पेडलबोर्डाचा पुरवठा मिक्सर ज्या ठिकाणाहून वीज घेतो तिथूनच घे. डेकोरेटरच्या लाइटिंगच्या बोर्डावरून घेतलीस तर ५० हर्ट्झची हम कानात रात्रभर वाजेल. हम आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाब. प्लगची अर्थिंगची पिन कापून हम घालवणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. पावसात भिजलेल्या मंडपात तुझ्या हातात लोखंडी तारा आणि ओठांना माइक असतो. दोन-तीन पेडल झाले की आयसोलेटेड पॉवर सप्लाय घे. एका ॲडॅप्टरला माळ लावून चालवलेले डिजिटल पेडल शीळ घालतात.

तर खरेदीचा क्रम: इन-इअर, फोमच्या टिपा दोन आकारांत, कमरेचा हेडफोन ॲम्प, थ्रू असलेला डीआय. इथवर आल्यावर दोन-चार शो फक्त एवढ्यावर कर, स्वतःचा बास नागडा ऐक. मग छोटा मिक्सर. मग कॉम्प्रेसर आणि फिल्टर, सुटे किंवा झूमच्या एमएस-६०बीसारख्या तळहातावर मावणाऱ्या पेटीत. त्यानंतर खाज उरलीच तर बॉसचा जीटी-१बी किंवा लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प, खिशाप्रमाणे. मोठा बोर्ड बांधायच्या आधी एकदा पाठीवर बास, हातात ती पेटी घेऊन संध्याकाळी दादरला डोंबिवली फास्टमध्ये चढून बघ. माझा सगळा संसार बासच्या कव्हरच्या पुढच्या खिशात मावतो, आणि शेवटची कर्जत पळत पकडायची असते तेव्हा ते बरं पडतं.

इअरफोनची जाळी दर शोनंतर कोरड्या मऊ ब्रशने पूस, फोमच्या टिपा कडक व्हायला लागल्या की बदल, आणि पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेव. घाम आणि मळ साचून एक बाजू हळूहळू बंद होते. आपल्याला वाटतं साउंडवाल्याने मिक्स हलवला. पुढच्या आठवड्यात तालीम आहे म्हणालास, तर त्या जोडणीची एक कान काढून बघायची तपासणी तिथेच करून मला कळव. पोकळपणा तिथेच गेला तर इअरफोनला लागणारे पैसेही सध्या वाचतील.